कडीखालचा निळा

मी रंगांना नावं देतो. आमची भिंतींच्या रंगांची कंपनी आहे आणि तिच्या क्रिएटिव्ह डिपार्टमेंटमध्ये माझं हेच काम. दुकानात शेड कार्ड उलगडल्यावर एका फिकट हिरव्या चौकोनाखाली 'पहाटेची पायवाट' असं वाचून तुम्ही भुलत असाल, तर तो प्रताप माझा. आई म्हणते, नावं ठेवायचा पगार घेणारा तू एकटाच. अशी दोनशे दहा नावं माझ्या खात्यावर आहेत, आणि मंगळवारपर्यंत मला त्यांचा चांगलाच माज होता.

आमच्या हॉलला मोठ्या खिडक्या आहेत, भिंतभर चित्रं आहेत आणि दिवसभर बडबड आहे. हॉलच्या टोकाला मात्र एक बिनखिडकीची खोली आहे. तिच्या भिंती राखाडी, टेबल राखाडी, आत जाताना अंगावर चढवायचा डगलासुद्धा राखाडी. तिथे शेड जुळवणाऱ्या बाई बसतात. नमुना समोर ठेवला की त्या आधी दोन मिनिटं कोऱ्या भिंतीकडे बघतात, डोळे निवळायला म्हणे, आणि मग सांगतात, दीड थेंब काळा कमी. म्हणून त्यांचं नाव पडलं दीडथेंबबाई. एकदा मी डगला न घालता लाल शर्टात आत गेलो, तर माझ्या शर्टाचा लाल त्यांच्या पिवळ्यावर पडतो म्हणून त्यांनी मला बाहेर काढलं. मोजायला मशीन असताना ही थेरं कशाला, असं मी चारचौघांत म्हणत असे.

त्या मंगळवारी सकाळी एक म्हातारे गृहस्थ आले. बसचे निवृत्त ड्रायव्हर. हातात कागदात गुंडाळलेली दाराची जुनी कडी. त्यांना 'निळा ४१७' हवा होता, एकच छोटा डबा, आणि कुठल्याही दुकानात तो मिळत नव्हता.

मिळणार कुठून? दोन वर्षांपूर्वी मीच तो काढून टाकायला लावला होता. त्याला नाव नव्हतं, आणि माझ्या नावांच्या रांगेत तो आकडा डोळ्यांत खुपायचा. खप कमी आहे असं कारण दिलं आणि वरच्यांनी सही केली. पुढे त्याची कृतीही फायलीतून गेली, आणि त्यात पडणारी एक पूड कंपनीने मागवणंच बंद केलं.

ड्रायव्हरकाका सावकाश सांगत गेले. तीन वर्षांपासून त्यांच्या बायकोची आठवण विरत चालली होती. कधी कधी ती नवऱ्यालाच शेजारी समजायची. पण पॅसेजच्या टोकाचं निळं दार दिसलं की ती बरोबर आपल्या खोलीत जायची आणि निवांत झोपायची. मुलीने हौसेने घर रंगवून दिलं, नवी कडी बसवली. दुकानदाराने ४१७ च्या जवळचा म्हणून जो निळा दिला, तो माझाच होता, 'निवांत तळं'. त्याला नऊ दिवस झाले.

"तक्रार नाही साहेब," काका म्हणाले. "फक्त ही रात्रभर पॅसेजमध्ये खुर्चीवर बसते आणि विचारते, आपण घरी कधी जायचं."

तो रंग कोणी काढला, हे सांगायचं धाडस मला झालं नाही. कडीची पट्टी कधीकाळी ओल्या रंगावरच ठोकलेली होती, त्यामुळे तिच्या पाठीला नखाएवढा निळा चिकटून आला होता. मी धावत मशीनकडे गेलो. तासाभरात दुसऱ्या पुडींतून रंग जुळला. फरक शून्य, असं मशीनने दाखवलं, आणि मी डबा घेऊन विजयी वीरासारखा राखाडी खोलीत शिरलो. डगला घालून. काकांची हकीकत एका दमात सांगितली.

दीडथेंबबाईंनी भिंतीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, कडी उलटी करून पाहिली.

"जुळलाय," त्या म्हणाल्या. "पण हा रंग त्या बाईंनी कधी पाहिलेलाच नाही. हा कडीखाली झाकलेला होता."

मग त्यांनी काकांना आत बोलावलं, आणि मी जे पाहिलं ते जन्मभर विसरणार नाही. दार रंगवून किती वर्षं झाली? बावीस. खिडकी कुठे? ऊन दाराच्या कुठल्या भागावर येतं, किती वाजेपर्यंत? दार पुसायचं कोण, कशाने? खालच्या अर्ध्यावर दुपारचं, चारपर्यंत, काका म्हणाले. पुसायची तीच, साबणाच्या पाण्याने. बाई लिहीत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, दार ढकलताना त्यांचा हात कुठे पडतो? काकांना सांगता येईना. त्यांनी डोळे मिटले, बायकोच्या उंचीएवढे वाकले आणि हवेत तळवा टेकवला. ते तसेच थांबले आणि बाईंनी जमिनीपासून त्या तळव्यापर्यंत टेप लावली.

पुढचे पाच तास त्या बावीस वर्षांचं ऊन थेंबाथेंबाने डब्यात घालत होत्या. काचेच्या कांडीवरचा थेंब भांड्याच्या काठाला टेकवून अर्धा कसा करतात, ते मी पहिल्यांदा पाहिलं. पट्टी रंगवायची, वाळवायची, बघायची, बाजूला टाकायची. त्यांनी तीन निळे केले. वरचा, उन्हातला आणि तिसरा बशीभर. काकांनी पट्ट्या पाहिल्या आणि ओळख पटून ओल्या रंगावरच बोट ठेवलं. मला अक्षरशः त्यांच्या पायाशी बसावंसं वाटलं. माझ्या दोनशे दहा नावांत असा एकही रंग नव्हता, जो कोणीतरी जगून पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं काकांच्या घरी गेलो. बाईंनी दार स्वतः रंगवलं, एका निळ्यातून दुसऱ्यात कधी गेल्या ते कळलंही नाही. तिसरा त्यांनी टेप लावून एकाच जागी, कापसाने टिपून लावला. जुनी कडी मी बसवली. संध्याकाळी रंग वाळला तेव्हा काकांनी बायकोला खुर्चीतून उठवलं आणि तिचा हात सोडून दिला.

ती पॅसेजमधून चालत आली. अर्ध्यावर थांबली. मग ती पुढे आली आणि तिने दारावर तळवा टेकवला, बरोबर त्या कापसाने टिपलेल्या जागी. दार उघडलं. उंबऱ्यातून तिने वळून आमच्याकडे पाहिलं.

"अहो, पाहुण्यांना बसायला द्या," ती काकांना म्हणाली. "मी जरा पडते."

आणि तिने आतून दार लावून घेतलं.