काळ्या रंगाखालचा निळा

सगळे तिला टेलरताई म्हणत. गेली सव्वीस वर्षं ती कापडाला दोरा जुळवत आली होती आणि तिने निवडलेल्या रंगाला नाव ठेवायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. त्यामुळे मोटरसायकलच्या टाकीचा रंग जुळवायचा म्हणजे काय मोठंसं, असं तिला वाटलं. तिथेच ती फसली.

मोटरसायकल दादाची. घेतली बाबांनी, पण फिरवली दादानेच. ती आठ वर्षांची असताना दादा तिला पुढे टाकीवर बसवून गल्लीतून दोन चकरा मारायचा. टाकी उन्हाने तापलेली असायची आणि नाकासमोर तो निळा रंग चमकत असायचा. पुढे दादाचं नि बाबांचं वाजलं. कशावरून, ते तिला कुणी धड सांगितलं नाही. दादा परदेशी निघून गेला आणि आठवड्याच्या आत बाबांनी ब्रश घेऊन अख्खी टाकी काळी करून टाकली. मग गाडी जिन्याखाली गेली ती गेलीच.

बाबा जाऊन वर्ष झालं, तेव्हा दादा फोनवर म्हणाला, "या खेपेला बघतो यायचं." एवढ्या एका वाक्यावर तिने गाडी बाहेर काढली. इंजिनचं काम मेकॅनिकने मार्गी लावलं. राहिला रंग.

पेंटर बोलायला तिरकस, पण हाताचा सरळ. त्याने शेडकार्ड तिच्यापुढे टाकलं. "कुठला निळा? यात बावीस आहेत."

"यातला एकही नाही."

"मग होता कसा?"

तिने डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, "हिरव्याकडे झुकलेला. पण मोरपंखी नाही. जरासा दुधाळ."

"ताई, मला नमुना लागतो. वर्णनावर रंग होत नाही."

नमुना कुठून आणणार? दादाचा गाडीवरचा एकुलता एक फोटो, तोही काळा-पांढरा. शेवटी पेंटरलाच सुचलं. टाकीच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेकायला रबर असतं, त्यातलं एक त्याने हलकेच उचकटलं. खाली तळहाताएवढा जुना रंग जसाच्या तसा होता.

"घ्या. हा कंपनीचा रंग."

ती वाकून बघत राहिली. राखाडी. साधा, मळकट राखाडी.

"हा नव्हे."

"ताई, तुम्हाला चाळीस वर्षांपूर्वीचं आठवतंय. टाकीला आठवावं लागत नाही, तिच्या अंगावरच आहे."

ती तशीच निघाली. घरी आल्यावर मशीनवर बसली, पण टीप वाकडी जायला लागली. रंगच खोटा असेल, तर त्या चकरा तरी खऱ्या कशावरून? दादा इतका हसायचा, तेही तिनेच मनाने घातलेलं असेल का?

रविवारी सकाळी तिने फोन लावला. "दादा, आपल्या गाडीचा रंग कुठला होता रे?"

"काळी केली ना बाबांनी?"

"त्याच्या आधी."

"राखाडी. कसली कळकट दिसायची! म्हणून तर मी रंगवली."

"तू रंगवलीस?"

"गच्चीवर. दोन डब्यांतला रंग एकत्र कालवून. रबर काढायचा कंटाळा केला, कडेकडेने ब्रश फिरवला. तू डबा धरून बसली होतीस की! कोपरापर्यंत माखलीस म्हणून आईने रॉकेलने पुसून काढली होती तुला. आठवत नाही?"

तिला यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. तिने फोन कानाला घट्ट दाबला आणि म्हणाली, "परत सांग."

दुसऱ्या दिवशी पेंटरने सीटजवळच्या कोपऱ्यात पॉलिशपेपर ओला करून अगदी दमाने घासला. आधी काळा गेला. मग नखाएवढा निळा दिसला. त्याच्या मधोमध खालचा राखाडी डोकावायला लागला.

"थांबा!" ती ओरडली. पेंटरचा हात जागच्या जागी थांबला.

तिने पिशवीतून दोऱ्याची अकरा रिळं काढली आणि एकेक त्या निळ्याशेजारी धरलं. नवव्या रिळाचा दोरा रंगावर टाकला, तो दिसेनासाच झाला.

"हा घ्या नमुना."

पेंटरने पाचदा रंग कालवला. दरवेळी तो पत्र्याच्या तुकड्यावर फवारायचा, ती तुकडा उन्हात नेऊन दोऱ्याला लावायची आणि परत आणायची. "पांढरा अजून थेंबभर." पेंटर गुरगुरला, पण थेंब टाकला. पाचव्या तुकड्यावर ती नुसता हात फिरवत राहिली.

गाडी घरी आली. तिने दादाला फोटो पाठवला. बऱ्याच वेळाने त्याचा फोन आला.

"बघितला. फोटोत नीट कळत नाही गं. जरा जास्त निळा आलाय का?"

"मोबाईलवर असाच दिसतो. ये आणि बघ."

"येईन गं. या वर्षी मात्र रजेचं अवघड दिसतंय."

"बरं," ती म्हणाली. मग त्याच्या गुडघेदुखीची चौकशी केली, औषध वेळेवर घ्यायला बजावलं आणि फोन ठेवला. दोऱ्याचं रीळ तिच्या हातातच राहिलं होतं.

सकाळी तिने दुकान तासभर उशिरा उघडलं. आधी ती पेंटरकडे जाऊन आली होती, गाडी चालवायला शिकवाल का म्हणून विचारायला.

"या वयात?" पेंटरने विचारलं.

"उभी राहून खराब होते ना," ती म्हणाली. "तो येईपर्यंत चालती राहायला हवी."