दुपारी बंद पडणारं मशीन

आम्ही हात लावल्यापासून मशीन जास्तच बिघडलं, असं त्या बाईंचं म्हणणं होतं. ते खोडून काढायला माझ्याकडे काहीही नव्हतं.

आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरच्या पोटात बसून नजर ठेवतं. मशीन किती तापलंय, पंखा किती जोरात फिरतोय, कुठला भाग कुरकुरतोय, सगळं पडद्यावर दाखवतं. ते वापरणाऱ्यांचे फोन घ्यायचे आणि गरज पडली तर इथूनच त्यांच्या मशीनमध्ये शिरून बघायचं, हे माझं काम. या बाई इमारतींचे नकाशे काढायच्या. ऑफिसनं दिलेलं मशीन घरी ठेवून सकाळ-संध्याकाळ काम करायचं आणि दुपारी तेवढं ऑफिसला जाऊन यायचं, अशी बाळ झाल्यावर त्यांनी सोय लावून घेतली होती.

पहिल्यांदा त्यांनी फोन केला तेव्हा तक्रार किरकोळ होती. मोठा नकाशा उघडला की मशीन अडखळायचं. मी इथून जोडून घेतलं आणि पूर्ण ताकदीची चाचणी लावली. म्हणजे मशीनला मुद्दाम दम लागेपर्यंत पळवायचं आणि ते कुठे धापा टाकतं ते बघायचं. पंखा घोंघावला, आकडे चढले, एका जागी स्थिरावले. मशीन ठणठणीत होतं, फक्त मेमरी अपुरी होती. ती त्यांच्या ऑफिसनं वाढवून दिली. मीही विसरून गेले.

आणि मग ते मशीन दुपारी बंद पडायला लागलं.

"तुम्ही त्या दिवशी नक्की काय केलंत, तेवढं सांगा," नकाशेवाल्या बाई म्हणाल्या. "सकाळी मी बसते, तेव्हा शहाण्यासारखं चालतं. ऑफिसमधून परत येऊन बघते तर बंद. चालू केलं की म्हणतं, जास्त तापल्यामुळे बंद केलं. घरात त्याला हात लावणारं कोणी नाही. सासूबाई असतात आणि सहा महिन्यांचं बाळ."

"मॅडम, बाळावर माझा संशय नाही."

"माझा तुमच्यावर आहे."

मी म्हटलं, बघते.

"बघा आणि लवकर बघा," त्यांचा आवाज उतरला. "साहेब म्हणालेत, मशीनचा भरवसा नसेल तर घरून काम बंद. सोमवारपासून पूर्ण दिवस ऑफिसला या. मग बाळाला पाळणाघरात ठेवण्याशिवाय इलाज नाही. सासूबाईंचे गुडघे धरलेत, दुपारचं सांभाळतात तेच खूप झालं. दिवसभर कसं जमायचं त्यांना?"

माझी स्वतःची चिमणी पाळणाघरातच असते. सकाळी तिथे सोडताना माझी ओढणी ती मुठीत घट्ट धरते आणि एकेक बोट सोडवून घ्यावं लागतं. त्यामुळे हा फोन ठेवल्यावर मी चहाला न जाता सरळ आमच्या सिनियरकडे गेले.

सिनियरला आम्ही पाठीमागे 'धूळ' म्हणतो. कुठलीही तक्रार असो, त्यांचं निदान ठरलेलं.

"धूळ असणार," ते म्हणाले.

"फक्त दुपारीच?"

"दुपारी ऊन असतं."

"ऊन तर रविवारीही असतं. रविवारी बंद पडत नाही."

"धुळीला साप्ताहिक सुट्टी असेल," पलीकडच्या टेबलावरची मैत्रीण मान वर न करता म्हणाली.

मी आलेख त्यांच्यासमोर ठेवला. पंख्यात धूळ बसली तर मशीन हळूहळू तापतं, आलेख टेकडीसारखा चढत जातो. इथे मात्र भिंत होती. सगळं शांत, शांत, शांत, आणि एकदम सरळ वर. त्यानंतर रेषाच नाही, कारण मशीन बंद. धूळसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"हे तर कोणीतरी पळवतंय त्याला."

"घरात कोणी नाही."

"मग व्हायरस. मालक नसताना मशीन राबवून घेणारे असतात."

व्हायरस शोधला, सापडला नाही. आपोआप चालू होणारं काही आहे का, तेही पाहिलं. नव्हतं. आमच्या चाचणीची नोंद तर मी पहिल्याच दिवशी तपासली होती. मी लावली ती एक, बस्स. त्यामुळे चाचणीचा विचार मी डोक्यातून काढून टाकला होता. मला एका गोष्टीचा विसर पडला होता. चाचणी पूर्ण झाली तरच आमचं सॉफ्टवेअर तिची नोंद करतं. मधेच मशीन बंद पडलं, तर चाचणी झालीच नाही असं ते धरून चालतं. पण हे मला नंतर सुचलं. तेव्हा मी नुसती भिंतीकडे बघत बसले होते. आलेखातल्याही आणि समोरच्याही.

शेवटी नकाशेवाल्या बाईंना म्हटलं, उद्या मशीन चालू ठेवून ऑफिसला जा, मी इथून नुसती बघत बसते. त्यांनी परवानगी दिली. "बघा बाई," म्हणाल्या, "भूतबित दिसलं तर मला आधी सांगा."

दुसऱ्या दिवशी जेवणाचा डबा उघडून मी त्यांचा पडदा माझ्या पडद्यावर घेतला. एक अर्धवट काढलेला जिना, बाकी काही नाही. तापमान छान, पंखा मंद. मी भाजीत बोटं घालून बसले होते आणि पडद्यावरचा बाण हलला.

आधी मला वाटलं, माझाच हात लागला. पण माझा हात डब्यात होता. बाण थोडा पुढे सरकला, थांबला, भलतीकडेच गेला, परत वळला. चोरासारखा मुळीच नाही. अंधारात देवळीतली काडेपेटी चाचपावी तसा तो चालला होता. कुणाच्या तरी हाताला कंप होता. जिन्याच्या दोन पायऱ्या त्यानं चुकून ओढल्या, मग घाईघाईनं सोडल्या. कोपऱ्यातल्या आमच्या चिन्हावर पोचला, एकदा चुकला, दुसऱ्यांदा बरोबर दाबलं. पूर्ण ताकदीची चाचणी. सुरू करा. होय.

आकडे भिंतीसारखे चढायला लागले.

मी तशाच खरकट्या हातानं त्यांच्या घरचा नंबर लावला. बऱ्याच वेळानं उचलला गेला.

"कोण?" अगदी कुजबुज.

"आजी, मी कॉम्प्युटरच्या कंपनीतून बोलतेय. तुम्ही आत्ता त्या मशीनला हात लावलात का?"

मागे पंख्याचा आवाज भरून राहिला होता.

"हळू बोल गं. आत्ताशी डोळा लागतोय."

"कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? याचा!"

मला अजूनही काही कळेना. तेवढ्यात तापमान लाल रंगात गेलं. "आजी, मशीन फार तापलंय. त्याच्यावर काही ठेवलंय का?"

"दुपटं टाकलंय. त्या पेटीचे दिवे लुकलुकतात ना, लाल-निळे. ते याच्या डोळ्यांवर येतात."

"आधी ते दुपटं काढा. लगेच."

खसफस झाली. लाल रंग पिवळ्यावर आला, मग हिरव्यावर. मी श्वास सोडला. पलीकडे आजींनीही सोडला, पण वेगळ्याच कारणानं. "झोपला," त्या म्हणाल्या.

मग फोनच्या तारेत शिरून बसल्यासारख्या त्या मला सगळं सांगत गेल्या. मी पहिल्यांदा चाचणी लावली, त्या दिवशी बाळ जीव काढून रडत होतं. मशीन घुमायला लागलं आणि बाळ त्यांच्या खांद्यावर आडवं झालं, ते थेट गाढ झोपलं. "म्हटलं, फोनवरच्या पोरीनं काय जादू केली! सून कुठे बघत होती, बाण कुठे जात होता, सगळं बघून ठेवलं मी. आता वाचता येतं मला, एवढी काही अडाणी नाही. पण थोड्या वेळानं ते आपलं आपण बंद पडतं मेलं. तोवर हा झोपलेला असतो."

"मग सूनबाईंना का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? नातवाला निजवायला मला यंत्र लागतं म्हणून? तिनं विश्वासानं पोर टाकलंय माझ्यावर. आता तिला वाटेल, आईंना झेपत नाही. देईल पाळणाघरात. तिथे कोण कुठल्या बायका, कशा निजवतात काय माहीत. तू बोलू नकोस हं तिला."

चिमणीला तिथे कशा निजवतात, हे मीही कधी विचारलं नव्हतं. मला एकदम डबा बाजूला सारावासा वाटला.

"आजी," मी म्हटलं, "हे मशीन असंच बंद पडत राहिलं ना, तर सोमवारपासून त्यांना दिवसभर ऑफिसला जावं लागणार आहे. आणि बाळाला पाळणाघरात."

"कोण म्हणालं?"

"त्यांचे साहेब."

"मला नाही बोलली ती."

पंख्याच्या आवाजात आजी रडतायत की काय, ते समजेना.

"तुला वाईट वाटेल म्हणून नसेल बोलली," त्या स्वतःलाच म्हणाल्यासारखं म्हणाल्या. 'तुला' म्हणजे त्यांना स्वतःला, हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

मी धूळसाहेबांकडे गेले. सगळं ऐकून ते आधी हसले, मग हसायचे थांबले. "चाचणी कशाला लावायची? पंखा नुसता पूर्ण जोरात फिरवायचा. मशीन तापणार नाही, उलट गारच राहील. एक बटण करून दे." हे मला कसं सुचलं नव्हतं? रोज दहा जणांना मी पंखा कमी कसा करायचा ते शिकवते. जास्त करून मागणारं कोणी भेटलंच नव्हतं.

पण मशीन नकाशेवाल्या बाईंचं. त्यांना विचारल्याशिवाय मी त्यात काही ठेवणार कशी? आजींना तसं सांगितलं. म्हटलं, तुम्ही सांगता की मी सांगू?

"मीच सांगते," त्या म्हणाल्या. "पण तू फोनवर राहा."

म्हणून संध्याकाळी नकाशेवाल्या बाई घरी पोचल्यावर मी फोन लावला आणि त्यांनी तो स्पीकरवर टाकला. आजींनी सगळं एका दमात सांगितलं, दिव्यांसकट, दुपट्यासकट, चुकून ओढलेल्या जिन्यासकट. मला वाटलं, आता भडका.

"म्हणजे... आई, तुम्ही?" बाई म्हणाल्या. "मी तीन लोकांशी भांडले. या मॅडमना नको नको ते बोलले."

"बोल मलाही. पण त्याला कुठे ठेवू नकोस. मी शिकेन काहीतरी दुसरं."

"अहो, काय दुसरं?" बाई म्हणाल्या. त्या हसत होत्या की त्यांचा आवाज फुटला होता, मला अजून ठरवता आलेलं नाही. "मला तरी कुठे येतं त्याला झोपवता? मी त्याला घेऊन बाथरूममध्ये उभी राहते, एक्झॉस्ट फॅन लावून. तुम्हाला वाटत असेल, ही आंघोळी किती करते."

"मला वाटलं, तुला पोटाचा त्रास आहे," आजी म्हणाल्या.

मग दोघी एकदमच बोलायला लागल्या. साहेबांचं का नाही सांगितलंस, गुडघ्यांचं खरं का नाही सांगत, दुपारी तो खरंच इतका रडतो का, आणि मग तू कुठल्या जिवावर ऑफिसात बसतेस. मी मध्ये कुठे बोलावं ते कळत नव्हतं. दोन-तीनदा 'हॅलो' म्हणून पाहिलं. मशीनमध्ये दोष नव्हता, वरून हवा अडत होती, एवढं साहेबांसाठी लिहून द्यायचं होतं मला. ते खरंही होतं.

"मॅडम, आहात ना?" अखेर बाईंना आठवण झाली. "ते बटण करा. साहेबांना मी सोमवारच्या आधीच सांगते, मशीन ठीक आहे म्हणून. आणि एक विचारू? रात्री चालवलं तर चालेल का? तेव्हा त्याला निजवायची पाळी माझी असते."

"चालेल," मी म्हटलं. "फक्त दुपटं नको."

इथून मी बटण तयार केलं आणि दाबून पाहिलं. पलीकडे पंखा घुमला. बाळ कुठेतरी कुरकुरत होतं, ते थांबलं. आजींनी "श्श" केलं, ते बाळाला की मला, कोण जाणे. मग कोणीच बोलेना. बाळ झोपलं असेल, किंवा डोळे टक्क उघडे ठेवून ऐकत असेल. दोघी मला विसरून गेल्या होत्या. बोलावं तर ते जागं होईल, फोन ठेवावा तर कट्ट असा आवाज होईल. चिमणीला आणायची वेळ झाली होती आणि मी तशीच, कानाला फोन लावून, पर्स खांद्याला अडकवून उभी होते.