झोपेतली गोळी

दीपालीनं आपली सकाळची गोळी कधी डोळ्यांनी बघितलीच नव्हती. आठ वर्षांची असताना तिच्या पोटात आईची किडनी बसवली, तेव्हापासून उजाडायच्या आत आई, सिताबाई, तिच्या उशाशी येऊन बसायची. हनुवटीला बोट लावलं की लेकीचं तोंड आपसूक उघडायचं. गोळी, मागून तांब्यातलं पाणी, गटकन आवाज, की लेक परत पांघरुणात. स्वप्नसुद्धा मोडायचं नाही. सोलापूरच्या दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात भिंतीवर मासे रंगवलेले होते. त्यातला एक जाडा निळा मासा पहाटे पोहत पोहत अणदूरच्या घरापर्यंत यायचा आणि जिभेवर काहीतरी ठेवून जायचा, एवढंच दीपालीला ठाऊक.

अठरा पूर्ण झाली तशी माशांकडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता तू मोठ्यांच्या बाजूला." बाजू म्हणजे त्याच दवाखान्यातला दुसरा जिना. वर भिंती कोऱ्या, बाकांवर मिशीवाले काका. तिथल्या डॉक्टरांनी थेट लेकीलाच विचारलं, "सकाळी काय घेतेस?"

सिताबाईनं तोंड उघडलं.

"मावशी, तिला सांगू द्या."

दीपाली फरशीकडं बघत म्हणाली, "ठावं न्हाय सर. मी झोपलेली असते."

बाकावरचे एक काका खो खो हसले. डॉक्टर हसले नाहीत. "जूनमध्ये लातूरला हॉस्टेलवर जाणार ना? तिथं तोंड उघडून पडलीस तर डास जाईल आत. गोळ्या चुकल्या की शरीर किडनीला परकी धरतं. इतकी वर्षं झाली, तरी त्याला ती आईचीच वाटते. मग ते तिच्यावर उठतं, आणि गेलेली किडनी परत येत नाही."

ठरलं असं, की जूनपर्यंत दोन्हीकडचे डॉक्टर मिळून तिला बघतील. आणि घरी गोळीला आई हात लावणार नाही.

एसटीत नळदुर्ग मागं पडल्यावर सिताबाई म्हणाली, "आपला अणदूरचा खंडोबा बी दरवर्षी थोडे दिस नळदुर्गाला ऱ्हायला जातोच की. कुणी रडत बसतंय का?"

"देव पालखीतनं जातो आये. मी एसटीत उभ्यानं जाणार."

"मग देवाशी बरोबरी कशाला करतीस?"

"म्या कुठं केली? तूच केलीस!"

पहिल्या सकाळी मोबाईल वाजला, तो स्वप्नात शिरून देवळातली घंटा झाला. दीपालीनं तोंड उघडलं आणि तशीच झोपून राहिली. ऊन अंगणात आलं तेव्हा सिताबाई गोळी घेऊन आत आली, डोळे लाल.

"मरायचंय का? माझी किडनी हाय ती!"

"दिलेली वस्तू माझी म्हणतीस?"

दीपाली बोलून गेली खरी. सिताबाईनं गोळी तिच्या हातात ठेवली आणि बाहेर शेळीकडं निघून गेली.

दुसऱ्या पहाटे दीपाली निळ्या पाण्याच्या तळाशी होती. मासा आला नाही. तिनं तोंड उघडलं, पाणी गोड लागलं, आणि तसंच राहावं असं लई वाटलं. वर कुठंतरी उजेडाचा एवढासा ठिपका हलत होता. हाक मारावी तर कुणाला? मग तीच पाय मारत निघाली. अंग जड, पाणी जड. डोकं वर निघालं तेव्हा मोबाईल थरथरत होता आणि घर राखेच्या रंगाचं झालेलं.

चुरचुरत्या डोळ्यांनी तिनं गोळी दिव्याखाली धरली. हीच का ती! मोगऱ्याच्या कळीएवढी सुद्धा नाही. जिभेवर ठेवली, पाणी प्यायली, आणि घशातनं उतरताना पहिल्यांदाच तिला ती नीट कळली.

बाहेर सिताबाई शेळीच्या मागं उकिडवी बसलेली. आचळ मुठीत, भांडं कोरडं, मान दाराकडं.

"घेतली?"

"इचारायचं न्हाय."

"बरं. न्हाय इचारत." थोडं थांबून, "पाणी पोटभर प्यालीस?"

"आये!"

भांड्यात धार वाजली. शेळी कधीची मान वळवून बघत होती, की ही बाई आज नुसती धरूनच का बसलीय.