मनकर्णाबाईंचा आवाज

वालूरच्या मनकर्णाबाई गोष्ट सांगायला बसल्या की अख्खी गल्ली जमायची. तीन वर्षांपूर्वी एका कंपनीची माणसं आली. म्हणाली, तुमची बोली जतन करायचीय. बाई आठ दिवस बोलत राहिल्या. दुधना नदीतल्या भांडखोर मगरीची गोष्ट, सासऱ्याला चकवणाऱ्या सुनेची गोष्ट. जाताना माणसांनी शाल दिली, कागदावर सही घेतली.

यंदा दिवाळीला मुलगा, सून अर्पिता आणि पाच वर्षांची नात सृष्टी पुण्याहून आले. भाकरी थापताना बाईंना ओसरीवर कुणी बोलताना ऐकू आलं. पिठाच्या हातांनीच त्या बाहेर आल्या. सृष्टीच्या हातात मोबाइल होता आणि त्यातून बाईंचाच आवाज येत होता. तोच घोगरा सूर, मधेच दम घ्यायची तीच लकब.

"फार वर्षांपूर्वी बर्फाच्या राज्यात एक राजकन्या राहत होती..."

"अगं अर्पिता, हे कोन बोलायलंय? म्या तर बर्फ डोळ्यानं पाह्यला बी न्हाई!"

 अर्पितानं मोबाइलवर गोष्टीची भाषा बदलून पाहिली. हिंदी, तमिळ, मग कुठली तरी अनोळखी. राजकन्या तीच, आवाज बाईंचाच. बाई पायरीवर बसून कान देऊन ऐकू लागल्या.

अर्पितानं त्याच कंपनीला फोन लावून स्पीकर चालू केला. पलीकडचा माणूस फार नम्र होता. "सही आहे मॅडम. आवाज आता आमचा आहे. चाळीस देशांत चालतो. सगळीकडे एकच गोष्ट दिली की आम्हाला परवडतं."

"आन् माझ्या गोष्टी?" बाईंनी विचारलं.

"त्या पुसल्या, आजी. त्यांना मागणी नव्हती."

बाईंनी पदरानं हात पुसले आणि नातीला जवळ ओढलं. "ये, म्या सांगते. एक व्हती मगर. ती लय भांडखोर..."

सृष्टीनं कपाळाला आठ्या घातल्या. "आजी, तू चुकीचं बोलतेस. 'होती' म्हण. मोबाइलमधली आजी बरोबर बोलते."

अर्पिता तिच्यावर ओरडली. बाई उठून परत भाकरी थापायला गेल्या.

पुढं सेलूच्या वकिलानं कागद वाचला आणि काही होणार नाही म्हणत मान हलवून परत दिला. बाई गल्लीत अजून गोष्टी सांगतात, पण आधी सगळ्यांचे मोबाइल घरी ठेवायला लावतात. पुण्याहून सृष्टीचा फोन आला, की मात्र पुन्हा शब्द चुकायला नको म्हणून नुसतं "हूं" म्हणतात.