चौथ्या सीटवरची बॅग

सोमनाथतात्यांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, न्यूझीलंडला जायची इच्छा न्यूझीलंडमुळे झाली नव्हती, आंबवड्याच्या साडूंमुळे झाली होती. साडू एका ग्रुपबरोबर बसमधून युरोप फिरून आले आणि पुढे दोन महिने भोरच्या एसटी स्टँडवर भेटेल त्याला मोबाईलमधले फोटो दाखवत राहिले. तात्यांना ते फोटो तीनदा बघावे लागले.

"झेंड्यामागं मेंढरावानी फिरायचं, ह्याला काय परदेश म्हणत्यात?" तात्या म्हणाले. "आपण जाऊ तर स्वतः गाडी चालवत जाऊ."

देश निवडताना त्यांनी एकच कसोटी लावली. "न्यूझीलंडात आपल्यासारखंच डावीकडनं चालवत्यात."

"आपल्यासारखं नाही," मी म्हणाले. "तिथे खरंच डावीकडून चालवतात."

पानशेतला धरणाच्या रस्त्यावर तात्यांचं हॉटेल आहे. शनिवार-रविवारी पुण्याची माणसं तिथे पिठलं-भाकरी खातात आणि चुलीचे फोटो काढतात. मागच्या वर्षी डोंगरकडेची पड जमीन एका पुणेकराला बंगल्यासाठी विकल्यापासून तात्यांना लोक शेठ म्हणू लागले होते. मी सांख्यिकीत एम.एस्सी. झालेली आणि नोकरीच्या शोधात असलेली, म्हणून स्वस्तातली भाड्याची गाडी शोधायचं काम माझ्याकडे आलं. इंटरनेटवरचं कुठलंही काम हे माझ्या शिक्षणाचंच काम, अशी आमच्या घरात समजूत आहे.

जाणार होते चौघे: तात्या, त्यांचा मुलगा स्वरूप, तात्यांचे मित्र गोरख आणि मंगलकाकी. काकीचं नाव व्हिसाच्या एजंटानं सुचवलं होतं. बायको बरोबर दाखवली की अर्ज कुटुंबाचा वाटतो, असं त्याचं म्हणणं. तात्यांनी ते लगेच मानलं, कारण काकीचं नाव वापरायची त्यांना सवय होती. महिलांना कर्ज स्वस्त पडतं म्हणून हॉटेल काकीच्या नावावर. महिलांना सबसिडी मिळते म्हणून टेम्पो काकीच्या नावावर. कागदोपत्री बघितलं तर मंगलकाकी वेल्ह्याच्या बाजूची मोठी उद्योजिका आहे. प्रत्यक्षात ती सकाळी भाकऱ्या थापायला बसते आणि दुपारी चारला उठते.

टेम्पोच्या त्या योजनेत बाईच्या नावावर लायसन लागायचं. ते नुसतं कागदावर होईल अशी तात्यांची कल्पना होती, पण परीक्षेत गाडी खरोखर चालवावी लागते असं निघालं. मग मे महिन्यात धरणाचं पाणी मागे हटल्यावर जो मोकळा माळ उघडा पडतो, तिथे टेम्पोवरच्या गेनूनं काकीला शिकवलं. काकी पहिल्याच खेपेला पास झाली. त्यानंतर पहाटेचा भाजीचा टेम्पो ती स्वतःच खानापूरच्या बाजारातून आणते. उंचीनं ती लहान, म्हणून सीट पार पुढे ओढून बसते. तिच्यामागून तात्या टेम्पोत चढले की त्यांचे गुडघे स्टिअरिंगला थडकतात आणि ते सीट मागे ढकलत शिव्या देतात. हे गेली चार वर्षं रोज चालू आहे.

काकी याआधी कुठे गेली नव्हती. कोकणात गेले तेव्हा गाडीत जागा नव्हती. जेजुरीला नव्हती. महाबळेश्वरला तर रिकाम्या जागेवर वाटेत स्ट्रॉबेरीच्या पेट्या घ्यायच्या ठरल्या होत्या. या वेळी पासपोर्टवर व्हिसा लागला तेव्हा तिनं भोरच्या बाजारातून पांढरे बूट आणले. ते तिनं गल्ल्याखाली ठेवले होते आणि गिऱ्हाईक कमी झालं की घालून हॉटेलातल्या हॉटेलात फिरायची.

"काय गं सोनिया, तिथला बर्फ हाताला लागतो का लांबनंच बघायचा?" तिनं मला विचारलं.

"एका ठिकाणी हिमनदीच्या अगदी जवळ जाता येतं."

"मग तिथं गाडी थांबवायला सांग ह्यांना. आत्ताच सांगून ठेव."

मी सांगितलं. तात्या "व्हय" म्हणाले. आमच्याकडे या शब्दाचा अर्थ ऐकलं एवढाच होतो.

व्हिसा आला त्याच आठवड्यात एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लागला. 'सोमनाथशेठ स्वतः गाडी चालवत न्यूझीलंड दौऱ्यावर. हार्दिक शुभेच्छा.' शुभेच्छुक म्हणून गोरख आणि इतर अकरा जण. फोटोत काळा चष्मा लावलेले तात्या स्टिअरिंग धरून, मागे बर्फाचे डोंगर. स्टिअरिंग आमच्या टेम्पोचंच होतं, लाल-पिवळ्या झालरीसकट. डोंगर कोणत्या देशाचे होते ते फ्लेक्सवाल्यालाच ठाऊक.

मग एका दुपारी हॉटेलातल्या कोपऱ्यातल्या टेबलावर मी लॅपटॉप उघडला. तात्या आणि गोरख समोर बसले.

"अ‍ॅव्हरेज काय देती?" तात्यांचा पहिला प्रश्न.

"ही शंभर किलोमीटरला पाच लिटर. ही आठ."

"मग आठवाली घे."

"तात्या, तिथे उलटं मोजतात. कमी आकडा चांगला."

"असं कुठं असतं व्हय?" गोरख म्हणाले. ते पोकलेन चालवतात आणि कमी आकडा चांगला असण्यावर त्यांचा तत्त्वतः विश्वास नाही.

मी तक्ता केला होता. गाडीचा वर्ग, भाडं, पेट्रोल, विमा, एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडायचं जादा शुल्क, डिकीचं माप. सगळ्यांत खालच्या वर्गात एक लाल, छोटी गाडी होती. चित्राखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की हीच गाडी किंवा अशाच प्रकारची दुसरी मिळेल.

"म्हंजे स्थळ एक दाखवायचं अन् लगीन दुसरीशी लावायचं," तात्या म्हणाले.

"तुझ्या येळंला तसंच झालतं, सोमाशेठ," गोरख म्हणाले. भाकरी थापायचा आवाज जरा थांबला आणि परत सुरू झाला.

खरी अडचण डिकीची होती. चित्राशेजारी माणसाच्या चार आकृत्या होत्या आणि बॅगांच्या दोन. वरच्या वर्गाची गाडी रोजाला दीडपट पडत होती. तात्यांनी जमीन विकली होती, पण काटकसर विकली नव्हती.

"आमच्या तिघांच्या तीन मोठ्या बॅगा," तात्यांनी बोटांवर मोजलं, "अन् एक खाण्याची. तिथलं खाणं आपल्याला जमणार न्हाई. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, धपाटी, कांदालसूण मसाला. ती बॅग लई मोठी हुईल."

"डिकीत दोन बसतील," मी म्हणाले. "उरलेल्या दोन मागच्या सीटवर."

"मग झालं की. पुढं दोघं, मागं एक, अन् त्याच्या शेजारी बॅगा. मोठी गाडी लागतीच कशाला?"

"पण चौथं माणूस?"

तात्यांनी चुलीकडे बघितलं नाही. "हॉटेल कोण बघंल? अन् तिला गाडी लागती."

काकीला गाडी लागत नाही. टेम्पोत कधी लागली नव्हती. पण हे मी म्हणायच्या आत ती स्वतः उठून आली. हात पिठाचे, पायात पांढरे बूट.

"खाण्याची बॅग कोण भरणार?" तिनं विचारलं.

"तूच की. दुसरं कोण?"

"म्हंजे माझ्या जागंवर बसायचा चिवडा म्याच भाजायचा."

"अगं, पुढच्या बारीला जाऊ. आत्ता जागाच न्हाई तर काय करणार? सोनियानंच हिशेब काढलाय. शास्त्र हाय ते."

शास्त्रानं फक्त डिकीचं माप सांगितलं होतं. सीटवर कोण बसावं, हे तक्त्यात कुठेच नव्हतं. मी तसं म्हणाले. गोरखांनी चहा मागवून विषय संपवला. काकी आत गेली, बूट काढले, गल्ल्याखाली सरकवले आणि परत परातीसमोर बसली.

संध्याकाळी तात्या, गोरख आणि स्वरूप यांना समोर घेऊन मी बुकिंगला बसले. चालकाचं नाव, जन्मतारीख, लायसनचा फोटो. वर अट: पूर्ण लायसन असून किमान एक वर्ष झालेलं असावं. वयाची अट एकवीस.

"तात्या, लायसन द्या."

"कशाला?"

"गाडीला."

"गाडी त्यांची हाय ना? मग लायसन माझं कशाला?"

मला वाटलं ते चेष्टा करताहेत. ते करत नव्हते. तात्या सतरा वर्षांचे असल्यापासून गाड्या चालवतात. वडापची प्रवासी जीप, ट्रॅक्टर, ऊस, वाळू, टेम्पो. पाबे घाटात अंधारात दिवे बंद पडलेली जीप त्यांनी खाली आणली होती, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकते आहे. त्या गोष्टीत लायसन कुठेच नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

"काढायचं राहून गेलं," तात्या म्हणाले. "इकडं सगळी वळखत्यात मला."

"न्यूझीलंडात नाही ओळखत."

"मग आता काढू. भोरला एक पोरगं हाय, ते करून देतं."

"काढलं तरी वर्ष झालेलं लागतं."

गोरखांकडे दुचाकीचं लायसन निघालं. पोकलेनचं नव्हतं, आणि पोकलेन तिथे कोणी भाड्यानं देतही नव्हतं. स्वरूप वीस वर्षांचा होता आणि त्याच्याकडेही दुचाकीचंच होतं. एसटी स्टँडसमोर तो फ्लेक्स दहा फूट बाय आठ फूट उभा होता आणि आंबवड्याचे साडू रोज त्याखालून जात होते.

"ग्रुपबरोबर जायचं का मग?" गोरखांनी हळूच विचारलं.

"झेंड्यामागं?" तात्या म्हणाले. "त्यापेक्षा न्हाई गेलेलं बरं."

तेवढ्यात त्यांचा चेहरा उजळला. हा चेहरा मी ओळखते. हॉटेलच्या कर्जाच्या वेळी आणि टेम्पोच्या सबसिडीच्या वेळी तो असाच उजळला होता.

"बुकिंग मंगलच्या नावावर कर. तिचं लायसन चार वर्षांचं हाय. चालवीन मी."

"तिथे चालक स्वतः काउंटरवर लागतो," मी म्हणाले. "लायसन आणि पासपोर्ट घेऊन. कार्डही त्याच्याच नावाचं."

"मग येऊ दे की तिला. सही करंल, किल्ली घील, मला दील."

"ज्याचं नाव त्यानंच चालवायची. दुसऱ्यानं चालवताना काही झालं तर विमा नाही. तिथे पोलीस कॅमेऱ्यावरून पकडतात."

"एवढ्या मोठ्या देशात कोण बघतंय?"

मी उत्तर द्यायच्या आत काकी आली. या वेळी तिनं हात धुतलेले होते. लुगड्याच्या घडीतून काढावं तसं तिनं पाकिटातून लायसन काढलं, टेबलावर ठेवलं आणि त्यावर बोट ठेवून उभी राहिली.

"सही करते," ती म्हणाली. "पर जिथं सही तिथं हात. चालवणार मी."

"अगं, परदेशातला रस्ता हाय."

"डावीकडनंच हाय ना? तुमीच सांगत व्हता सगळ्यांला."

"फ्लेक्सवर काय लिवलंय बघितलंस का?"

"म्या कुठं लिवलंय ते?"

गोरख म्हणाले, "वैनी, बाईमाणसानं गाडी चालवायची अन् आमी मागं बसायचं, बरं दिसतं का?"

"मागं बसायचं नसंल तर हितं बसा. हॉटेल बघायला माणूस लागतंच."

गोरखांनी चहाचा रिकामा कप तोंडाला लावला. काकी माझ्याकडे वळली. "कोणती गाडी सोनिया?"

"चौघांना जरा मोठी बरी पडेल."

"न्हाई. ल्हानच घे. लालवाली. दुसरीशी लगीन लावलं तरी चालंल." तिनं तात्यांकडे बघितलं नाही. "चौघांत दोन बॅगा. खाण्याची बॅग मी भरणार न्हाई. मिळंल ते खायाचं. अन् बर्फापाशी गाडी थांबणार."

काकीनं बोट काढलं तसं तात्यांनी लायसनकडे वाकून बघितलं. त्यावरचा काकीचा फोटो इतका गंभीर होता की तो सरकारी कर्मचाऱ्याचा वाटावा. शेवटी त्यांनी बोटानंच ते माझ्याकडे सरकवलं. "टाक नंबर," ते म्हणाले. "पर भोरात कुणाला बोलू नको."

मी नंबर टाकला. चालकाच्या रकान्यात मंगल सोमनाथ हे नाव पहिल्यांदाच खऱ्या अर्थानं लिहिलं गेलं. काकीनं गल्ल्याखालून बूट काढले.

ते गेले तेव्हा हॉटेल तिथे कामाला असलेल्या साळूबाईनं आणि मी बघितलं. भाकऱ्या मी थापल्या. त्यांच्या आकारातली तफावत मोजण्यासारखी होती. तात्यांचा पहिला फोटो घराच्या ग्रुपवर आला तो हिमनदीचा. काकी बर्फाला हात लावून उभी, बूट चिखलानं भरलेले, आणि एरवी फोटोत तोंड मिटून घेणारी ती दात दाखवून हसत होती. तात्यांनी तो भोरच्या ग्रुपवर पाठवला नाही.

तिथे त्यांनी दुसरा पाठवला. लाल गाडी, दार उघडं, काळा चष्मा लावलेले तात्या स्टिअरिंगवर. खाली लिहिलं होतं, 'आजचा प्रवास.' अर्ध्या तासात चाळीस अंगठे आले. साडूंनीही एक दिला, उशिरानं.

मी फोटो मोठा करून बघितला. सीट पार पुढे ओढलेली होती. तात्यांचे गुडघे वर येऊन स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना टेकले होते आणि हनुवटी जवळजवळ हॉर्नवर आली होती. सीट मागे घ्यायचा दांडा त्यांना सापडला नसावा, किंवा काकीनं तेवढा वेळ थांबायला नकार दिला असावा.

गोरखांनी तिथूनच तो फोटो फ्लेक्सवाल्याला पाठवला. ते परत यायच्या आत एसटी स्टँडसमोर नवा फ्लेक्स लागला होता: 'दौरा यशस्वी केल्याबद्दल अभिनंदन.' भोरात कोणाच्या काही लक्षात आलं नाही. फक्त टेम्पोवरचा गेनू गाडी बाजूला घेऊन फ्लेक्ससमोर बराच वेळ उभा होता, असं साळूबाईनं मला सांगितलं. दहा बाय आठच्या फ्लेक्सवर तात्यांचा एकेक गुडघा दीड फुटाचा झाला होता.