येते

ओबरलिंडाख गावाला लागून असलेल्या लष्करी तळाचं कुंपण रोज एका घराने पुढे सरकत असे. सोमवारी पाववाला आत गेला, मंगळवारी चपलांचं दुकान. घर आत गेलं की त्याच्या काचा गळून पडत, भिंती काँक्रीटच्या होत आणि दारावर आकडा उमटे. गावकरी शिस्तीचे. त्यांनी चौकातल्या फलकावर वेळापत्रकच लावून घेतलं होतं, आणि ज्याचा वार असेल तो आदल्या दिवशी खिडक्या पुसून ठेवी. बालवाडीचा वार शुक्रवार होता.

चारुता देवस्थळीला या कुंपणाचं कौतुकच होतं. परदेशी सैन्याने सरावासाठी आत एक खोटं खेडं वसवलं होतं आणि त्या खेड्याला अशी भाषा हवी होती, जी आसपास कुणालाच कळणार नाही. नवऱ्याच्या नोकरीपायी साताऱ्याहून इथे येऊन पडलेल्या, घरात बसून आंबलेल्या चारुताने आपली मराठी हौसेने देऊन टाकली. "हात वर करा", "घरात कोण आहे", "पोरं कुठे लपवलीत" हे तिने सैनिकांकडून तोंडपाठ करून घेतलं. सार्जंट वॉल्टन तिचा लाडका विद्यार्थी. त्याचा 'ळ' तिने इतका घोटून घेतला, की तो ऐकून तिचे डोळे भरून आले होते.

दिवसभर ती सरावात त्या खोट्या खेड्यातली बाई होई आणि चार वाजता पाच वर्षांच्या रेवाला बालवाडीतून घरी नेई. नवरा कारखान्याच्या कामाने महिनाभर चीनमध्ये होता, त्यामुळे मायलेकी दोघीच. रोज सकाळी उंबऱ्यावर चारुता लेकीला बजावी, "जाते नाही म्हणायचं. येते म्हणायचं." जाते म्हटलं तर काय होतं, असं रेवाने एकदा विचारलं होतं. तसं म्हणू नये, एवढंच उत्तर तिला मिळालं.

बुधवारी वॉल्टन परीक्षा पास झाला आणि फाटकावरचा त्याचा कारभार मराठीत सुरू झाला. चार वाजता चारुता फाटकाशी आली आणि सवयीने म्हणाली, "येते हं." वॉल्टनने वहीत लिहिलं, एक बाई, येते. फाटक उघडलं. चारुता बाहेर पडली आणि आत आली. समोर तेच खेडं होतं, आणि पाठीशी तेच फाटक.

तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. तिने पुन्हा निरोप घेतला आणि पुन्हा आत आली. सातव्या खेपेला मात्र ती वॉल्टनला समजावू लागली.

"अहो, आम्ही जाताना 'येते' म्हणतो."

"मग येताना काय म्हणता?"

"येते."

वॉल्टनने वहीतल्या सात ओळींवरून बोट फिरवलं. "तुम्हीच शिकवलंत, बाई. जायचं असेल तर 'जाते' म्हणा."

ते तिच्या तोंडून निघेना. तिच्या घरात कुणी उंबऱ्यावर तसं कधी बोललं नव्हतं. शिवाय आठव्या धड्यात, वर्गाला हसवायला, तिने सांगितलं होतं की आमच्यात गेली म्हणजे मेली. रेवाला त्या दिवशी बालवाडीच्या शिक्षिका फ्राऊ त्साइटलर आपल्या घरी घेऊन गेल्या. चारुता आकडा घातलेल्या घरात गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिली.

गुरुवारी पोस्ट आत आलं आणि कुंपण बालवाडीच्या झोपाळ्याला येऊन टेकलं. दुपारी तारेपलीकडे रेवा उभी होती. आपण घरी कधी जायचं, असं तिने विचारलं. चारुता तडक फाटकाशी गेली, डोळे मिटले आणि म्हणाली, "जाते."

वॉल्टनने टोपी काढली. "फार वाईट झालं," तो शुद्ध मराठीत म्हणाला, आणि सरावात मेलेल्यांसाठी ठेवलेलं पुठ्ठ्याचं कार्ड त्याने तिच्या गळ्यात अडकवलं. त्यावर 'गेली' असं लिहिलं होतं. अक्षर तिचंच होतं. सराव संपेपर्यंत मेलेल्याने पडून राहायचं आणि बोलायचं नाही, या नियमाची मराठीही तिनेच केलेली. तळहाताएवढं ते कार्ड, पण तिला दोन्ही हातांनी उचलेना. ती फाटकाच्या कडेला चिखलात आडवी झाली आणि तिची जीभ टाळ्याला चिकटली.

रेवा तारेला धरून बराच वेळ बघत राहिली. चार वाजले. फ्राऊ त्साइटलर बालवाडीच्या पुसून लख्ख केलेल्या खिडकीतून हाका मारू लागल्या, घरी निघायचं म्हणून. पण निरोप न घेता निघायचं नसतं, हे पोरीला पक्कं ठाऊक होतं. ती तारेच्या कडेकडेने फाटकापर्यंत आली. चारुताने डोळे जमतील तेवढे मोठे केले. आई आपल्याकडे बघतेय म्हणून रेवा खूश झाली, आणि कधी नव्हे ते न सांगता, अगदी बरोबर बोलली.

"आई, येते हं."

मुलीचा उच्चार स्वच्छ होता. वॉल्टनने कौतुकाने मान डोलावली, वहीत एक ओळ लिहिली आणि फाटक उघडलं.