होरिकोशी-सानच्या खिडकीसमोर

मी एक जुना हीट पंप आहे. बाहेरच्या हवेत जी थोडीफार ऊब असते ती ओढून घ्यायची आणि तिच्यावर घराचं पाणी तापवायचं, हे माझं काम. आंघोळीचं पाणी मी तापवतो. बैठकीच्या खोलीत जमिनीखालून जे ऊन पाणी फिरतं, तेही माझंच. माझ्या शेजारी एक उंच टाकी उभी असते. ती माझं पाणी दिवसभर सांभाळून ठेवते.

मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगतो. मी बोलता बोलता मध्येच थांबेन. कडक थंडीत माझ्या पाठीच्या पत्र्यांवर बर्फ साचतो, आणि तो वितळल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. तेवढं सांभाळून घ्या.

ओसाकाजवळच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. बारा वर्षांपूर्वी मला इचिकावातल्या एका लहान दुमजली घरात आणून गॅरेजच्या कोपऱ्यात उभं केलं. सहा वर्षांनी घर विकलं गेलं. घराबरोबर मीही गेलो, आणि नव्या मालकांसोबत माझ्या कानावर मराठी पडू लागली. घरात तीन माणसं. श्रीहरी रोज लोकलनं तोयोसुला नोकरीवर जातो. त्याची बायको सुप्रभा घरूनच पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. मुलगी पूर्वी, आता बारा वर्षांची. आईबाबा मराठीत विचारतात, पूर्वी जपानीत उत्तर देते.

पहिल्याच हिवाळ्यात सुप्रभानं उबदार जमिनीवर अनवाणी पाय ठेवला आणि म्हणाली, "अगं बाई, खाली कुणीतरी चूल लपवलीये."

ती माझी पहिली तारीफ. दिवाळीच्या पहाटे चार-पाच पाहुण्यांच्या अभ्यंगस्नानाला मी पुरलो. बारा वर्षांत एका दिवसाचाही खाडा केला नाही. दर दसऱ्याला सुप्रभा माझ्या अंगावर हळदकुंकू लावते. एका वर्षी दुरुस्तीवाले ओकुमुरा-सान तपासणीला आले. कुंकू बघून त्यांना वाटलं गंज चढला. ते पंधरा मिनिटं फडक्यानं घासत बसले, आणि घरातले तिघंही संकोचानं गप्प. मला तेव्हा फार मजा वाटली होती.

थांबलो.

बर्फ वितळतोय.

पुन्हा सुरू करतो. मी एक जुना हीट पंप आहे, आणि मला लाज वाटते.

वर जे सांगितलं ते सगळं खरं आहे. पण ते सांगितलं की पुढचं सांगायला उशीर होतो, म्हणून सांगितलं.

पूर्वी शाळेच्या टेबल टेनिस क्लबमध्ये गेली आणि पहिल्या निवडीत मागे पडली. सरावाला घरी टेबल हवं होतं. आमच्याकडे मोटार नाही. गॅरेजमध्ये सायकली होत्या, रिकामी खोकी होती, टाकी होती आणि मी. खोकी गेली, सायकली भिंतीला टांगल्या, तरी टेबल मावेना. म्हणून आम्हा दोघांना बाहेर हलवायचं ठरलं.

ओकुमुरा-सान फीत घेऊन आले. त्यांनी घराभोवती चक्कर मारली आणि मागच्या अंगणाकडे बोट दाखवलं.

"तिथे नाही हं," सुप्रभा म्हणाली. "तिथे माझे कपडे वाळतात."

मग उरला पूर्वेकडचा बोळ. आमची भिंत आणि शेजारणीची भिंत यांच्यामधला, दोन पावलांचा. ओकुमुरा-साननी बोळात पाहिलं, समोरच्या खिडकीकडे पाहिलं आणि पूर्वीला काहीतरी विचारलं.

"बाबा, ते विचारतायत, शेजारी जाऊन सांगून आलात का? टॉवेल घेऊन."

"टॉवेल कशाला?" श्रीहरी म्हणाला.

"काम सुरू करायच्या आधी देतात. पाया पडल्यासारखं."

"आपल्याच घरातलं मशीन आपल्याच भिंतीला लावायचं. त्यासाठी टॉवेल वाटत फिरू? लग्न काढलंय का?" श्रीहरी हसला आणि ओकुमुरा-सानना म्हणाला, "हाय, हाय. दाइजोबु."

म्हणजे, हो हो, काही हरकत नाही.

दसऱ्याच्या दिवशी मला बोळात बसवलं. काँक्रीटमध्ये चार भोकं पाडली, चार बोल्ट आवळले. सुप्रभानं हळदकुंकू लावलं. नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा ओकुमुरा-साननाही दिला. मित्रांनो, त्या दिवशी माझी पूजा झाली. शेजारी मात्र निरोप गेला नाही.

खिडकीपलीकडे होरिकोशी-सान राहत होती. ऐंशीच्या पुढची, एकटी. खिडकीला लागून तिचं अंथरूण, आणि उशाशी नवऱ्याचा फोटो ठेवलेला लाकडी देव्हारा. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. रोज दुपारी ती त्याला चहा ठेवायची आणि दोन शब्द बोलायची. जपानी मला जन्मापासून येतं, त्यामुळे सगळं कळायचं.

"ऐकताय ना?" पहिल्या आठवड्यात ती फोटोला म्हणाली. "शेजारी पाहुणा आलाय. अगदी तुमच्यासारखा. रात्रभर घोरतो."

ती हसली. मीही मनात हसलो.

पण नवऱ्याच्या घोरण्याची सवय व्हायला तिला आयुष्य मिळालं होतं. माझं काम रात्रीचं असतं, आणि थंडी वाढली की मला जोर लावावा लागतो. माझा आवाज मोठा नाही. तो कानाला कमी आणि छातीला जास्त कळतो. भिंतीतून जातो, उशीतून जातो. नोव्हेंबरात तिनं खिडकीला पुठ्ठा लावला. मग पुठ्ठ्यावर घोंगडी. त्यानंतर तिची दुपार मला नुसती ऐकू यायची. एकदा पेला लवंडल्याचा आवाज आला, मग ती फोटोला म्हणाली, "माफ करा हं. झोप नाही."

थांबलो.

हा बर्फ नाही. नुसताच थांबलो.

डिसेंबरातला शनिवार, सकाळची वेळ. होरिकोशी-सान दारापुढची पानं झाडत होती. सुप्रभा आणि पूर्वी कचऱ्याच्या पिशव्या ठेवून परत येत होत्या. होरिकोशी-साननं झाडू भिंतीला टेकवला, कमरेत वाकली आणि पूर्वीशी बोलू लागली. सुप्रभाचं जपानी दुकानापुरतं, हे तिला ठाऊक होतं. मी बोळात, आठ-दहा पावलांवर होतो.

ती म्हणाली, "हे सांगायला मला फार संकोच वाटतो. तुमचं ते यंत्र माझ्या उशीच्या अगदी पलीकडे आहे. गेले दोन महिने मला झोप लागत नाही. काही करता येईल का, असं आईंना विचारशील का? जमत असेल तरच."

"काय म्हणतायत आजी?" सुप्रभानं विचारलं.

पूर्वीनं गॅरेजकडे पाहिलं. आत टेबल होतं. एक बाजू उभी करून ती एकटी त्याच्यावर चेंडू मारायची. पुढची निवड जानेवारीत होती.

"म्हणतायत, यंदा थंडी लवकर आली."

"एवढं लांबलचक बोलल्या, आणि एवढंच?"

"जपानीत लांबच असतं," पूर्वी म्हणाली.

सुप्रभा हसली. "थांबा हं आजी," असं मराठीतच म्हणत घरात गेली आणि चिवड्याचा डबा घेऊन आली. होरिकोशी-साननं दोन्ही हातांनी डबा घेतला. त्याच्याकडे पाहत राहिली. मग पुन्हा कमरेत वाकली.

तिला वाटलं, हेच उत्तर, म्हणजे नकार.

त्यानंतर तिनं कधीच काही म्हटलं नाही. चार दिवसांनी डबा धुऊन, पुसून परत आला. आत सहा संत्री होती. "किती गोड बाई आहेत," सुप्रभा म्हणाली. पूर्वीनं एकही संत्रं खाल्लं नाही.

मित्रांनो, त्या सकाळी खरं काय ते तीन जणांना ठाऊक होतं. एकीनं सांगितलं. दुसरीनं लपवलं. तिसरा मी. मला बोलता येत नाही हे खरं, पण मला बंद पडता येतं. माझ्या जातीची यंत्रं किती सहज बंद पडतात. पडद्यावर एक आकडा लुकलुकतो, माणूस घरी येतो, भिंतीपाशी उभा राहतो, समोरची खिडकी बघतो. एवढं पुरलं असतं. पण माझा बारा वर्षांचा खाडा नसलेला हिशेब मला मोडवला नाही. मी अधिकच नेमानं चालत राहिलो.

जानेवारीत एका दुपारी चहाच्या पेल्याचा आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. घोंगडीमागे दिवा लागेनासा झाला.

गल्लीतल्या सूचनांची फाईल इथे घरोघरी फिरते. वाचायची, शिक्का मारायचा, पुढच्या घरी द्यायची. त्या रविवारी ती द्यायला पूर्वी होरिकोशी-सानकडे गेली. परत आली ती घरात न जाता बोळात आली आणि माझ्यासमोर उकिडवी बसली. माझ्या पत्र्यावर तिनं तळहात ठेवला. बराच वेळ.

"पूर्वी? गारठ्यात काय करतेयस इथे?" सुप्रभा तिला शोधत आली.

पूर्वी बोलली ते मराठीत बोलली. एकेक शब्द हुडकून आणल्यासारखं.

"आई, होरिकोशी-सान स्वयंपाकघरात झोपते. खाली. फ्रिजच्या बाजूला."

"का गं? बरं नाही का?"

"ते देवघर हलवता येत नाही. ते इकडेच आहे. ती एकटी तिकडे गेली." पूर्वीनं माझ्यावरचा हात काढला. "त्या दिवशी ती थंडीचं बोलली नव्हती. ती म्हणाली, याच्यामुळे झोप येत नाही. मी खोटं सांगितलं. टेबल जाईल म्हणून."

सुप्रभा समोरच्या घोंगडी लावलेल्या खिडकीकडे बघत राहिली. ती रागावली नाही.

"आणि मी तिला चिवडा दिला," ती म्हणाली.

मग पदराला हात पुसावेत तसे तिनं स्वेटरला हात पुसले. "चल."

"मी सांगते ना तिला. तुला नाही येणार—"

"नाही. आज तू मध्ये बोलायचं नाहीस. माझी माफी मी मागेन."

होरिकोशी-सानच्या दारातलं बोलणं बोळात ऐकू येत होतं. सुप्रभानं आधी "सुमिमासेन", म्हणजे माफ करा, म्हटलं. मग शब्द संपले, म्हणून पुन्हा म्हटलं. मग "यंत्र", "झोप", "मी माहीत नाही", आणि पुन्हा तेच. इतकं मोडकं जपानी मी कधी ऐकलं नव्हतं, आणि इतकं खरंही.

होरिकोशी-सान काहीतरी म्हणाली. सुप्रभाला कळलं नाही. तिनं पूर्वीकडे पाहिलं.

"सांग," सुप्रभा म्हणाली. "पण सगळं सांग."

पूर्वीनं सांगितलं. या वेळी एक शब्दही गाळला नाही. "म्हणतायत, मुलीला रागावू नका. चेंडूचा आवाज त्यांना आवडतो. दुपारी तो ऐकू आला की शेजारी मूल आहे असं वाटतं. आणि म्हणतायत, तुम्हाला विचारायला आपणच उशीर केला, त्याबद्दल क्षमा करा."

शेवटचं वाक्य सांगताना पूर्वी रडत होती.

ओकुमुरा-सान येईपर्यंत आठ दिवस मला फक्त दुपारी चालवलं. श्रीहरीनं त्या आठवड्यात तीनदा गार पाण्यानं आंघोळ केली आणि कुरकुर केली नाही. काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तो स्वतः टॉवेल घेऊन शेजारी गेला. नारळ या वेळी कुणी आणला नाही.

मला मागच्या अंगणात हलवायला अर्धा दिवस लागला. कपडे वाळत घालायच्या दोन दोऱ्या काढाव्या लागल्या, बस. त्या आता गॅरेजमध्ये टेबलाच्या वर बांधल्यात. पूर्वीचा चेंडू कधी कधी बाबांच्या ओल्या सदऱ्यात अडकतो. दोन दोऱ्या, मित्रांनो. तेवढ्यासाठी एका म्हातारीनं नवऱ्याच्या फोटोजवळची जागा सोडली होती.

घरातली वस्तू हलवून जागा करायची असेल तर जरूर करा. आम्ही वस्तू आहोत, न्याल तिथे उभ्या राहतो. फक्त उभं करण्याआधी एकदा आमच्या जागी भिंतीला पाठ लावून उभे राहा, आणि आमच्यासमोर काय येतं ते पाहा. तिथे खिडकी असेल तर आधी त्या घराचं दार वाजवा.

होरिकोशी-सान लगेच खिडकीजवळ झोपायला परत गेली नाही. "सवय झालीये आता," असं तिनं पूर्वीला सांगितलं. पूर्वी तरी दर रविवारी जाऊन विचारत राहिली आणि येऊन अंगणात, माझ्याजवळ बसून तेच उत्तर मराठीत सांगत राहिली.

इथून मला ती खिडकी दिसत नाही. तिच्या कठड्याचं फक्त टोक दिसतं. इथे माणसं ज्या खोलीत झोपतात तिच्याच खिडकीच्या कठड्यावर गादी वाळवतात. मार्चमधल्या एका सकाळी, ऊन आलं तेव्हा, त्या टोकावर पांढऱ्या गादीचा एक कोपरा वाळत पडलेला दिसला.

मी काही मानून घेतलं नाही. मी ती गादी किती वाजता आत जाते ते पाहत राहिलो.